खंडेनवमीला धुतलेले दगड

आमच्या गावात बातमी कमी आणि दगड जास्त. नाशकात द्वारका चौकातून मालेगावकडे जाणारी जीप धरली की वाटेत गावाचा फाटा लागतो. फाट्यावरून आत वळल्यावर उजव्या हाताला मोठमोठे खड्डे दिसतात. त्यांत हिरवट पाणी असतं आणि काठावर ‘पोहण्यास सक्त मनाई’ अशी पाटी. पाटीच्या खांबावर कपडे अडकवून लोक पोहतात. या आमच्या खाणी. काळ्या दगडाच्या. इथला दगड पुलांना गेला, घाटांना गेला, रस्त्यांच्या खडीला गेला. मग खाणी बंद झाल्या. गावातली माणसं द्राक्षाच्या बागांत, कारखान्यांत, एसटीत आणि माझ्यासारखी एखाददुसरी वर्तमानपत्रात गेली.

गावाच्या मधोमध एक घडीव दगडाची इमारत आहे. तिच्या माथ्यावर कुणा साहेबाचं लांबलचक नाव कोरलेलं आहे, ते कुणी वाचत नाही. सगळे तिला हॉल म्हणतात. मतदान हॉलमध्ये होतं. पोलिओचे डोस तिथेच. सकाळी पेपर वाचायला म्हातारी माणसं तिथे जमतात आणि मी ज्या पेपरात काम करतो त्यातल्या चुका मला दाखवण्यासाठी राखून ठेवतात. वणीच्या गडावर पायी जाणारे लोक नवरात्रात रात्रभर तिथे टेकतात. आणि लग्नं. गावातलं लग्न हॉलला वळसा घालून होत नाही.

हॉल बांधला तेव्हा खाणीत काम करणाऱ्या प्रत्येक घराने एक दगड स्वतः घडवून दिला, असं सांगतात. ‘असं सांगतात’ हे शब्द मी सवयीने घालतो. पुरावा मात्र भिंतीतच आहे. दर्शनी भिंतीच्या खालच्या थरांत, छातीच्या उंचीपर्यंत, प्रत्येक दगडाच्या कोपऱ्यात एकेक खूण कोरलेली आहे. सही करता येणारे तेव्हा थोडे होते, म्हणून खुणा. कुणाचा सूर्य, कुणाचा विंचू, कुणाच्या नुसत्या दोन रेघा. आमच्या घराची खूण शिडी. आमचे शेजारी तिला कंगवा म्हणतात. त्यांची खूण मासा. आमच्या घरात त्याला वांगं म्हणतात.

लग्न झालं की नवरा-नवरीने आपल्या घरच्या दगडापुढे उभं राहायचं, नवरीने खुणेला हळदीकुंकू लावायचं आणि फोटो काढायचा, अशी रीत आहे. सून येताना आणि लेक जाताना, दोन्ही वेळेला. कॅमेरे नव्हते तेव्हा नुसतंच उभं राहत. माझं लग्न नाशकात रजिस्टर पद्धतीने झालं आणि आम्ही दोघं गावी गेलो तेव्हा अंधार पडला होता. थोरल्या काकूने ही गोष्ट मला अजून विसरू दिलेली नाही.

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. काका गेल्यापासून घर तिच्याच हुकमावर चालतं आणि तिचं म्हणणं असं की आधीही तसंच चालायचं.

हॉलच्या दर्शनी भिंतीत पिंपळ रुजला होता. रोपटं होतं तेव्हा कुणी उपटलं नाही, कारण पिंपळ. मोठा झाला तेव्हा कुणी तोडला नाही, तेही त्याच कारणाने. त्याच्या मुळांनी भिंतीला पोट आलं. शेवटी बांधकाम खात्याने निधी मंजूर केला आणि एक तरुण इंजिनिअर पाठवली. बागलाणातली, सटाण्याकडची. नोकरीतलं हे तिचं पहिलंच स्वतंत्र काम. दुपारी डबा खाताना आईशी फोनवर बोलायची तेव्हा रोज एक वाक्य ऐकू यायचं, “सगळं बरं शे.” तेवढ्या अहिराणीवरून गावाने तिला आपली मानली.

तिची योजना साधी होती. पिंपळ मुळासकट काढून दुसरीकडे लावायचा, भिंत दगड-दगड उतरवायची, पाया दुरुस्त करायचा आणि तेच दगड त्याच जागी पुन्हा चढवायचे. भिंत उतरवण्याआधी तिने तिचा नकाशा काढला आणि त्यावर प्रत्येक दगडाला क्रमांक दिला. तोच क्रमांक दगड उतरवल्यावर त्याच्यावर लिहिला. दर्शनी बाजूला लिहिला नाही, कारण जुना दगड विद्रूप होऊ नये. ऑइलपेंटने लिहिला नाही, कारण तो पुढे निघत नाही. तिने दगडाच्या पाठीवर चुन्याने लिहिला. हे सगळं अगदी बरोबर होतं. दगड हॉलसमोरच्या मैदानात ओळीने मांडून ठेवले आणि ती दसऱ्याच्या सुट्टीला घरी गेली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. गावात अजून प्रत्येक घरात छिन्नी आणि पहार आहे, कामाला नसली तरी पूजेला आहे. त्यांच्या शेजारी हल्ली फवारणीचा पंप, शिलाई मशीन, मोटरसायकल आणि माझ्या चुलतभावाचा लॅपटॉपही असतो. घरची पूजा झाली की हॉलवर जायचं, आपल्या दगडावर तांब्याभर पाणी ओतायचं, कुंकवाचं बोट लावायचं, झेंडूची माळ अडकवायची. मी रजा टाकून आलो होतो. काकूच्या मागे माळा धरून चाललो होतो.

मैदानात सगळे दगड मोकळे पडलेले. काकू आपल्या दगडापाशी गेली, त्याला एक चक्कर मारली आणि थांबली.

“याची पाठ बघ,” ती म्हणाली.

मी बघितली. चिखल, जुन्या चुन्याचे पोपडे, मुळांचे धागे.

“मी या घरात आले तेव्हापासून याचं तोंड धुतेय. पाठ आज दिसतेय. पाठ चोळल्याबिगर आंघोळ झाली असं कुणी म्हणतं का?”

तिने नातीला घरी पिटाळलं. माझ्या चुलतभावाची मुलगी, मार्गशीर्षात तिचं लग्न ठरलेलं. ती बादली आणि नारळाच्या काथ्या घेऊन आली. काकूने पदर खोचला आणि दगडाची पाठ घासायला घेतली. शेजारची बाई बघत होती. तिने विचारलं, “आमचाबी घासू का?” काकू म्हणाली, “मला काय इचारते? तुझ्या सासऱ्याला इचार, दगड त्याचा हाय.” थोड्या वेळाने मैदानावर सगळ्या घरच्या बाया होत्या. हापशाचा दांडा थांबत नव्हता. कुणी वज्री आणली, कुणी भांड्यांची पावडर आणली. पुरुषांनी पहारी लावून दगड उलटले आणि घासायला सोपं जावं म्हणून ओळी मोडून इकडेतिकडे सरकवले. हसणं, एकमेकींच्या अंगावर पाणी उडवणं, कुणाचा दगड जास्त काळाभोर निघतो याची चढाओढ. “पांढरं काय लागलंय गं यावर?” असं एकीने विचारल्याचं मला आठवतं. “कावळ्याचं असंल,” असं दुसरीने सांगितल्याचंही आठवतं.

संध्याकाळी सगळे दगड ओले, काळे, चकचकीत, माळा घातलेले, मैदानात बसले होते. फार छान दिसत होते.

दसरा झाला आणि इंजिनिअर परत आली. मी अजून गावातच होतो, म्हणून पुढचं मी पाहिलेलं आहे. तिने गाडी लावली, मैदानावर नजर टाकली आणि सुरुवातीला तिला आनंदच झाला. मग ती एका दगडाजवळ गेली, त्याच्या मागे वाकली. दुसऱ्याच्या मागे वाकली. मग भरभर चालत मैदानाच्या टोकापर्यंत गेली.

“इथे आकडे होते,” ती म्हणाली.

“होते की,” काकू म्हणाली. “घाण होती, काढली.”

इंजिनिअर मटकन एका दगडावर बसली. “उठ गं बाई, तो विंचवाच्या घरचा हाय, त्यांना आवडत नाय,” कुणीतरी म्हणालं. ती उठून दुसऱ्यावर बसली. तिथूनही उठवली. शेवटी ती सिमेंटच्या गोणीवर बसली आणि काय झालं आहे ते तिने शांतपणे समजावून सांगितलं. वरच्या थरांचे दगड लहानमोठे होते, ते मापावरून जुळले असते. कमानीचे पाचरीसारखे असतात, ते आपली जागा स्वतःच सांगतात. पण खालच्या थरांचे, खुणांचे दगड सगळे एकाच मापाचे होते. ज्यांनी हॉल बांधला त्यांनी ते मुद्दाम तसे घडवले होते, कुणाचा मोठा कुणाचा लहान नको म्हणून.

“फोटो असतील ना तुमच्याकडे, भिंत उतरवायच्या आधीचे?” मी विचारलं.

तिने मोबाइल दाखवला. फोटो होते. पण भिंतीचा खालचा भाग गेली कित्येक वर्षं फ्लेक्सच्या मागेच होता. दगडांच्या जागी वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या आणि हात जोडून हसणारी माणसं होती. फ्लेक्स काढल्यावर पुन्हा फोटो घेणं आणि नकाशावर खुणा काढणं राहून गेलं होतं, कारण क्रमांक होते.

त्याच आठवड्यात वरचे साहेब पाहणीला आले. ते रागावले नाहीत. तुळशीच्या लग्नापर्यंत खालचे थर चढले तर ठीक, नाहीतर विटांचं बांधकाम करून वर टाइल्स लावू, दगडासारख्याच दिसतात, असं म्हणून ते चहा पिऊन गेले. दगडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स ही कल्पना खाणींच्या गावाने निमूटपणे ऐकून घेतली. साहेबांची गाडी वळणापलीकडे गेल्यावर मात्र सगळे काकूकडे बघायला लागले.

पहिलं वाक्य शेजारच्या कंडक्टरांनी टाकलं. ते मासेवाल्या घरातले, एसटीतून निवृत्त झालेले. आवाज अजून मागच्या सीटपर्यंत पोचेल असा. “कंगवेवाल्यांनी भिंत धुवून घालवली. हे पेपरात आलं पाहिजे. काय पेपरवाले?”

“तुमच्या घरच्यांनीबी धुतला, कंडक्टर भावजी,” काकू म्हणाली.

“तुमचं बघून धुतला.”

“मग बघून चांगलंच शिकले म्हणायचं.”

ती बोलली ऐटीत, पण घरी आल्यावर जेवली नाही. काकू जेवत नाही हे आमच्या घरात कुणी पाहिलेलं नव्हतं. नात तिच्या शेजारी बसली. “आजी, भिंत नसली तर मी कशापुढे उभी राहू? टाइल्सपुढे?” तिने चेष्टेनेच विचारलं. काकूने ताट सारलं. घरातली प्रत्येक लेक त्या दगडापुढे उभी राहून गेलेली. ही पहिली तशी जाणार आणि ते आपल्यामुळे, हे तिला बोलून दाखवायची गरज नव्हती.

मी नाशकाला परतलो. त्या दिवसांत सुट्टी मिळाली की गावी येत होतो. ऑफिसमध्ये सहकाऱ्यांनी विचारलं, गावी एवढं काय? मी सांगितलं, बांधकाम.

इंजिनिअरने हात टेकले नाहीत. तिने गावाला हॉलच्या मागच्या ओट्यावर बोलावलं आणि विचारलं, तुमचा दगड कुठे होता? पहिल्या घराने सांगितलं, दारापाशी. दुसऱ्याने सांगितलं, दारापाशीच. संध्याकाळपर्यंत गावातली बहुतेक घरं दारापाशी होती. एवढ्या रुंद दाराची इमारत नाशिक जिल्ह्यात दुसरी नसेल.

दुसऱ्या दिवशी तिने प्रश्न बदलला. हे तिला कसं सुचलं ते मी नंतर विचारलं. ती म्हणाली, सगळे खोटं बोलत होते, पण शेजाऱ्याबद्दल बोलताना कुणी दारापाशी म्हणत नव्हतं. तिने विचारलं, तुमच्या शेजारचा दगड कुणाचा आणि त्याचं काय खटकतं?

यावर गाव मोकळं झालं.

“सूर्यवाल्यांचा आमच्या डोक्यावर. त्यांच्या कुंकवाचं पाणी आमच्या दगडावर उतरतं दर वर्षाला.”

“आणि तुमचा नारळ फुटतो तो आमच्या अंगावर, ते?”

“विंचवाचा कोपरा उडालेला हाय, त्यात चप्पल अडकते म्हणून आमची आजी पडली होती.”

“आजी चप्पल घालत नव्हती.”

“मग पाय अडकला.”

इंजिनिअर नकाशावर पेन्सिलीने खुणा करत होती. गर्दीतल्या एका बाईला तिच्या शेजारणीने खोटं पाडलं, तेव्हा ती रागारागाने घरी गेली आणि लग्नाचा अल्बम घेऊन आली. “ही बघा मॅडम. हा माझा नवरा, ही मी, हा आमचा दगड आणि हा बघा यांचा, डाव्या हाताला. आता बोल म्हणावं.”

इंजिनिअरने अल्बम हातात घेतला आणि बराच वेळ त्याच पानाकडे बघत राहिली. नवरा-नवरीच्या मागे त्यांचा दगड होता, त्याच्या दोन्ही बाजूंचे होते आणि वरचेही अर्धे दिसत होते. कुंकवाचे ओघळ जिथे सांगितले होते तिथेच होते.

“असे अल्बम सगळ्यांकडे आहेत?” तिने विचारलं.

पुढचा रविवार मला आयुष्यभर पुरेल. हॉलच्या मैदानात सतरंज्या पसरल्या आणि अख्खं गाव आपापली लग्नं घेऊन आलं. प्लॅस्टिकच्या पिशवीतले, जरीच्या कापडातले, पत्र्याच्या पेटीतले अल्बम. काळे-पांढरे फोटो, हिरवट पडलेले रंगीत फोटो, अलीकडचे भलेमोठे करिझ्मा अल्बम. पाहायचं होतं मागचं, पण लोक पुढचंच पाहत होते.

“ही कोण गं एवढी बारीक?”

“मीच की.”

“नाय गं माय. गेली कुठं ती?”

एका आजोबांच्या लग्नात जेवण कमी पडल्याचं त्यांच्या मेव्हण्याने त्यांना पुन्हा ऐकवलं. एका फोटोत नवऱ्याच्या मागे उभा असलेला मुलगा आता स्वतः आजोबा होता आणि तो कोण यावर पैजा लागल्या. चहा दोनदा झाला, मग तिसऱ्यांदा ठेवायला दूध मागवलं. इंजिनिअर मधे बसून फक्त दगड बघत होती आणि मधूनच म्हणत होती, “आजी, अंगठा काढा, विंचू झाकतोय.”

जसजशी जागा पक्की होई तसतसा तो दगड पहारींनी सरकवून मैदानात मांडला जाई. संध्याकाळपर्यंत भिंत जमिनीवर आडवी झोपली होती, मधे दाराची आणि खिडक्यांची जागा सोडून. लोक तिच्या भोवती फिरत होते, वाकून आपली खूण शोधत होते.

दोन जागा मोकळ्या राहिल्या. एक दारालगत, एक खिडकीखाली. आणि दोन दगड उरले. एकावर शिडी, एकावर मासा.

आमच्या घरात फोटो नव्हता. काका-काकूंच्या लग्नाचा फोटोग्राफर मालेगावहून सायकलवर आला होता. त्याने रोल धुताना जाळला. माझ्या वडिलांचं लग्न झालं तेव्हा ते नोकरीला नाशकात होते, वरात गावी आलीच नाही. चुलतभावाच्या लग्नात दगडावर फ्लेक्स होता. फोटोत तो, त्याची बायको आणि मधे एक स्थानिक नेते. माझ्याबद्दल वर सांगितलंच आहे.

कंडक्टरांच्या घरात फोटो होता. त्यांचाच, काळा-पांढरा, सुंदर. डोक्यावर अवाढव्य फेटा. फेट्याच्या मागे दगड होता. कुठला ते फेट्यालाच माहीत. त्यांच्या मुलांच्या लग्नांत मागे मखमली पडदा लावलेला होता.

“आमचा दारालगतचा,” कंडक्टर म्हणाले. “माझा बाप सांगायचा.”

“आमचा दारालगतचा,” काकू म्हणाली. “सासरे सांगायचे.”

हे भांडण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. भिंत उभी होती तेव्हाही ते होतं. डोळ्यांसमोर दगड असताना भांडण कशावर होतं, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचं उत्तर गावात असं देत: भिंतीची एकदा मधे डागडुजी झाली होती आणि त्या वेळी ज्यांचं चालत होतं त्यांनी दगड फिरवून घेतले. भिंत उतरवली तेव्हा शिडी दारालगत होती; ती तिथे मुळातली की त्या डागडुजीत आणलेली यावर भांडण होतं, आणि आता नव्याने चढवताना दोन्ही घरांना मूळ जागाच हवी होती.

इंजिनिअरने तिच्या पद्धतीने प्रयत्न केला. दगड मोजले, कडा पाहिल्या. दोन्ही दोन्हीकडे बसत होते. “कुठलाही कुठेही लावला तरी भिंत तितकीच मजबूत,” ती म्हणाली. हे वाक्य तिने पुन्हा उच्चारलं नाही.

बाकीची भिंत चढत होती, पण खालचा थर पुरा झाल्याशिवाय तिथून वर जाता येईना. गवंडी विड्या ओढत बसला. क्रेनवाला तासातासाला क्रेन परत न्यायची भाषा करत होता. तुळशीचं लग्न दुसऱ्या दिवसावर आलं. साहेबांचा फोन येऊन गेला. इंजिनिअरने त्या दुपारी डबा उघडलाच नाही आणि आईच्या फोनवर नेहमीचं वाक्यही म्हटलं नाही.

ते काकूने पाहिलं. ती ओट्यावर माझ्या शेजारी बसली होती. ती उठली, गवंड्यापुढे गेली.

“कंडक्टर भावजींचा लाव दारापाशी. आमचा खिडकीखाली घाल.”

गवंड्याने विडी विझवली. कंडक्टर पुढे आले.

“का?”

“का म्हणजे? तुमचंच म्हणणं होतं ना?”

“माझं म्हणणं मी शाळेत होतो तेव्हापासून हाय. तुम्ही आजच कसं ऐकलं?”

“पोरीचं काम अडलंय. माझ्या नातीचं लगीन हाय. लावा आणि मोकळे व्हा.”

कंडक्टर दाराजवळच्या जागेपाशी गेले. खाली बसून भिंतीच्या पायाला हात लावला. वर कमानीकडे पाहिलं. मग गवंड्याला विचारलं, “इथं ओल हाय का?”

“नाय दादा.”

“पुढं गटार काढणार हायेत का इथून?”

“मला काय माहीत दादा?”

“यात काहीतरी हाय,” कंडक्टर म्हणाले. “लय वर्षं तिकिटं फाडली मी. जागा सोडून उठणारा माणूस एकच असतो. त्याला पुढचा खड्डा माहीत असतो.”

“भावजी, सरळ देतेय तर घ्या.”

“तेच तर. तुम्ही सरळ कधी दिलंय?” ते उभे राहिले. “मला नको दारापाशी. आमचा खिडकीखाली लावा. मॅडम, माझं ठरलं.”

काकू काहीतरी बोलणार होती. पण इंजिनिअरने तिकडे पाहिलंच नाही. तिने क्रेनवाल्याला हात केला. शिडीचा दगड उचलला गेला, हवेत एकदा गिरकी घेऊन दारालगत बसला. गवंड्याने ठोकून पक्का केला. मागोमाग मासा खिडकीखाली गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणासाठी ते नक्की ठरलं नव्हतं. इंजिनिअरने गोणीवर बसून डबा उघडला. पोळ्या गार झाल्या होत्या. काकूने तिच्यासाठी घरून गरम पिठलं मागवलं.

साहेब आले, भिंतीला हात लावून पाहिला, चांगलं झालं म्हणाले. टाइल्सचा विषय निघाला नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी गावी पोचलो. काकू अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत होती. मी बसलो आणि सोलू लागलो. थोड्या वेळाने, कुणी जवळ नाही असं पाहून ती म्हणाली, “आमचा खिडकीखालचाच होता.”

मी हातातली शेंग खाली ठेवली.

“लगीन होऊन आले, कुंकू लावून उठले, तेव्हा खिडकीच्या बाहेर आलेल्या गजाला डोकं आपटलं होतं माझं. दारापाशी कुठला गज?”

“मग इतकी वर्षं दारापाशी का म्हणत होतीस?”

“डागडुजीत सासऱ्यांनी फिरवून घेतला. सांगितलं, कंडक्टरच्या घरच्यांसमोर पहिल्यापासून दारापाशीच म्हणायचं. म्हटलं. मग सवय झाली.”

“आणि त्या दिवशी?”

“त्या दिवशी खरं बोलले, तर भावजींना पटंना.”

मी तिला सांगितलं की पेपरात चूक छापली गेली तर दुसऱ्या दिवशी खुलासा द्यावा लागतो. म्हणजे आता भिंत दोन दगडांपुरती चुकलेली आहे आणि हे आपल्या दोघांनाच माहीत आहे.

“भिंतीला खुलासा नसतो,” काकू म्हणाली. “सोल.”

दुसऱ्या दिवशी हॉलच्या मैदानात लग्न लागलं. जेवणावळी उठल्या. नवरा-नवरी दगडापुढे उभी राहायला निघाली आणि मागे सगळी वरात. दारालगत पोचल्यावर काकू थांबली. त्याच आठवड्यात वीजवाल्यांनी हॉलचा नवीन मीटर बसवला होता. राखाडी रंगाची पत्र्याची पेटी, वर लाल बत्ती, नेमकी आमच्या शिडीच्या शेजारी. वायर शिडीच्या वरून गेली होती.

कंडक्टर हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला लागला. “म्हटलं होतं ना, यात काहीतरी हाय?”

नातीने शिडीला हळदीकुंकू लावलं. फोटोग्राफरने कॅमेरा लावला, बाजूला केला, पुन्हा लावला. “पेटी चमकतेय,” तो म्हणाला. “खिडकीकडे सरका ना. तिकडे ऊन पण छान आहे.”

काकूने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

“सरका,” ती म्हणाली. नवरा-नवरी सरकली आणि खिडकीखाली उभी राहिली. नातीच्या डोक्याला लागेल इतक्या जवळ खिडकीचा गज होता. काकूने हात वर करून तिचं डोकं जरासं खाली दाबलं.

“ओ, तो दगड आमचा हाय,” कंडक्टर म्हणाले.

“माहीत हाय. वांगं दिसतंय. या मग तुम्हीबी.”

कंडक्टर आले. लग्नाचा फेटा बांधलेला होता, गुलाबी, त्यांच्या जुन्या फोटोतल्यासारखाच मोठा. ते काकूच्या शेजारी उभे राहिले.

“भावजी, फेटा काढा,” काकू म्हणाली. “मागचं दिसू द्या.”

त्यांनी फेटा काढून हातात धरला. फोटो निघाला. मी डेस्कवरच्या सवयीने त्याखालची ओळ मनात लिहून ठेवली: छायाचित्रात डावीकडून वर, वधू, वधूची आजी आणि शेजारी. मागे दगड.